केळनाकाठचे भोगवर्धन

जालना एमआयडीसीच्या रस्त्यावर सकाळी पाळी बदलण्याच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे या जिल्ह्याचे आजचे रूप डोळ्यांत भरते. सळयांनी लादलेल्या मालमोटारी एकामागून एक बाहेर पडत असतात. पोलादाच्या भट्ट्यांची धग दूरवर जाणवते. बियाण्यांच्या गोण्यांची चढउतार चाललेली असते. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुनी. तिला पोलाद आणि बियाणे यांनी नवा अर्थ दिला. आपला माल दूरदूरच्या बाजारपेठांत जातो, याचा जालनेकरांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. परंतु या जिल्ह्यातील कारागिरांच्या मालाने दूरच्या बाजारपेठा गाठण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातील एका नदीकाठच्या नगरात हस्तिदंत कोरणारे कारागीर होते आणि त्यांच्या कामाशी हुबेहूब जुळणारी एक वस्तू थेट इटलीतील एका घरात सापडली आहे. ते नगर म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आजचे भोकरदन.

जालन्याहून भोकरदनला जाणारा रस्ता राजूरवरून जातो. राजूरचा गणपती मराठवाड्यात सर्वदूर प्रसिद्ध असल्याने बहुतेक प्रवासी तेथेच उतरतात. चतुर्थीला तर उभ्याने प्रवास करावा लागतो. राजूर मागे पडले की गाडी रिकामी होते. पुढे कपाशी, मका आणि ज्वारीची शेते लागतात, क्षितिजावर अजिंठ्याच्या डोंगररांगेची निळसर रेषा दिसू लागते आणि केळना नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव येते. केळना ही मोठी नदी नव्हे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून ती जाफराबादजवळ पूर्णेला मिळते आणि पूर्णेच्या ओघातून तिचे पाणी अखेर गोदावरीला पोहोचते. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहते व उन्हाळ्यात वाळूची पट्टी होऊन राहते. बाजाराचा दिवस सोडला, तर तिच्या काठचे हे गावही तसे शांतच असते.

प्रथमच येणाऱ्याची येथे थोडी निराशा होण्याचा संभव आहे, हे आधीच सांगितलेले बरे. वेरूळ-अजिंठ्यासारखे डोळे दिपवणारे येथे काही नाही. प्राचीन नगराचे तट, वेशी, रस्ते यांपैकी काहीही जमिनीवर उभे नाही. जे आहे ते पायाखाली आहे. नदीकाठची जमीन जेथे उंचवट्यासारखी वर आलेली दिसते, जेथील माती शेजारच्या रानातील काळ्या मातीहून फिकट, राखेच्या रंगाची आहे, तेथे जुने भोगवर्धन झोपलेले आहे. पावसाने धुपलेल्या कडेला खापरांचे तुकडे उघडे पडतात. पाहणाऱ्याची नजर सरावलेली असेल, तर त्यांतील जुनी खापरे नव्या कुंभारकामातून ओळखता येतात.

आपल्या खेड्यापाड्यांत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या कागदपत्रांत हे शब्द येतात, गावकऱ्यांच्या बोलण्यातही येतात. पण पांढरी पांढरी का झाली, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. याचे उत्तर साधे आहे. माणूस एका जागी शेकडो वर्षे राहतो, चुलीची राख टाकतो, मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नव्या उभ्या राहतात, जनावरांचे शेण, हाडे, फुटकी मडकी, धान्याचा कोंडा असे सारे तेथेच मुरते. या थरांवर थर चढून जमीन उंच होते आणि तिचा रंग बदलतो. पांढरी म्हणजे गावाने नकळत लिहिलेली आपली बखरच होय. तिची पाने मात्र वरून खाली वाचावी लागतात. सर्वांत जुने पान सर्वांत खाली असते.

भोकरदनच्या पांढरीची ही पाने १९७३ मध्ये शास्त्रशुद्ध रीतीने उलगडण्यात आली. नागपूर विद्यापीठ आणि तत्कालीन मराठवाडा विद्यापीठ यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले. नागपूरचे डॉ. शांताराम भालचंद्र देव आणि मराठवाडा विद्यापीठाचे डॉ. रमेश शंकर गुप्ते हे त्याचे प्रमुख होते. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९७४ मध्ये, उत्खननाचा अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. उत्खनन झाले आणि अहवाल मात्र वर्षानुवर्षे रखडला, अशी उदाहरणे आपल्याकडे पुष्कळ असल्यामुळे ही तत्परता मुद्दाम नोंदवण्यासारखी वाटते.

या उत्खननातून सातवाहनकाळातील एका भरभराटीच्या नगराचे चित्र पुढे आले. सातवाहन राजांची नाणी, नाना प्रकारच्या दगडांचे मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, हाडांच्या व हस्तिदंताच्या वस्तू आणि घरगुती वापराची भांडी येथे मिळाली. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. तेथून उत्तरेकडे निघणारा व्यापारी मार्ग अजिंठ्याची डोंगररांग ओलांडून, तापी-नर्मदा पार करून माहिष्मती व उज्जयिनीस जाई. या मार्गावर पैठणहून निघालेल्या तांड्यांना डोंगर चढण्यापूर्वीचा सोयीचा मुक्काम म्हणजे भोगवर्धन. पाणी, चारा, धान्य आणि कसबी हात या चारही गोष्टी येथे उपलब्ध होत्या. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात येत असल्याचा उल्लेख आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड जात असे.

नगराची कीर्ती किती दूर गेली होती, याचा पुरावा मात्र भोकरदनमध्ये नव्हे, तर मध्य प्रदेशात मिळतो. सांची व भरहूत येथील बौद्ध स्तूपांच्या दगडी कठड्यांवर देणगीदारांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. आज एखाद्या गावच्या मंदिराच्या वा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटीवर देणगीदाराचे नाव व गाव लिहितात, तसाच हा प्रकार. त्या देणगीदारांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. केळनाकाठच्या माणसांनी शेकडो मैल दूर असलेल्या स्तूपास दान द्यावे आणि आपल्या नावापुढे आपल्या गावाचे नाव आवर्जून कोरून घ्यावे, हे वाचताना त्या अज्ञात माणसांविषयी आपुलकी वाटू लागते. हे लेख इसवी सनापूर्वीचे आहेत. म्हणजे गाव त्याही आधीचे.

आता हस्तिदंताकडे वळू. उत्खननात एका स्त्रीमूर्तीचा कमरेखालील भाग मिळाला. बाजूला लहान आकाराच्या परिचारिका आणि पायांत भरघोस अलंकार असे तिचे रूप आहे. ती पाहताच अभ्यासकांना आठवण झाली ती पॉम्पेईची. इटलीतील पॉम्पेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना एका घरात भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती सुमारे २४ सेंटिमीटर उंच असून आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दोन्ही बाजूंस परिचारिका, अंगभर दागिने, उभे राहण्याची तीच लकब. मूर्तीच्या माथ्यातून छिद्र पाडलेले असल्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी, असा तर्क आहे. मराठवाड्यातीलच तेर येथेही या घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळालेली असून ती तेथील वस्तुसंग्रहालयाचे भूषण आहे.

पॉम्पेईची मूर्ती प्रारंभी मथुरेकडची समजली जात होती. भोकरदनचा शोध लागल्यानंतर डॉ. मधुकर केशव ढवळीकर यांनी ती भोकरदनच्या कारागिरांनी घडवली असावी, असे प्रतिपादन केले आणि ते पुष्कळांना पटले. तथापि वाचकांपुढे दुसरी बाजूही ठेवली पाहिजे. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्य भारताची लिपी होय. माल दक्षिणेत तयार होऊन त्यावर खूण उत्तरेत झाली, की कारागीरच एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जात, यांवर विद्वानांत मतभेद संभवतात. सांचीच्या एका तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचे तेथेच नोंदवलेले आहे. हे लोक एका माध्यमातून दुसऱ्यात आणि एका गावातून दुसऱ्या गावात सहज वावरत असावेत. प्रश्न सुटलेला नाही म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही. इसवी सन ७९ पूर्वी रोमन घरात पोहोचलेली ही कला केळनाकाठी अवगत होती, एवढे तर निर्विवाद आहे.

भोकरदनात जमिनीवर जे पाहता येते ते म्हणजे नदीकाठच्या खडकात कोरलेले लेणे. ते सातवाहनांनंतर बऱ्याच काळाने, सुमारे आठव्या-नवव्या शतकात कोरले गेले. त्यातील शिल्पे वैष्णव परंपरेतील आहेत. लेणे लहान आहे, दगड ठिसूळ आहे आणि काळाच्या माऱ्याने शिल्पांचे बारकावे पुसट झाले आहेत. वेरूळ डोळ्यांपुढे ठेवून येथे येऊ नये. मात्र बौद्ध स्तूपाला दान देणाऱ्या नगरीत काही शतकांनी विष्णूचे लेणे कोरले गेले, हा बदल ध्यानात घेऊन पाहिल्यास त्या लहानशा लेण्याला अर्थ येतो.

केळनेने रक्तही पाहिले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशी केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात, असई गावाजवळ लढाई झाली. मराठ्यांचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता. घोडदळ भोकरदनकडे, तर कवायती पायदळ व तोफा असईकडे. नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत असताना, समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसतात त्या अर्थी त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, असा अंदाज वेलस्लीने केला आणि तो खरा ठरला. इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे या लढाईत ठार वा जखमी झाली. पुढे वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा हाच सेनानी असईला आपली सर्वोत्तम लढाई मानीत असे. मराठ्यांच्या तोफखान्याने शेवटपर्यंत केलेला मारा हे त्याचे कारण होय. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नदीकाठी नेऊन समोरासमोरची गावे आणि उतार यांचे नाते दाखवावे. भूगोल आणि इतिहास या दोन विषयांचा एकत्र पाठ याहून चांगला मिळणार नाही.

मंदिराचे अवशेष पाहावयाचे असतील, तर याच तालुक्यातील अन्वा गावी गेले पाहिजे. येथील महादेवाचे मंदिर गावकऱ्यांत ‘मढ’ या नावाने ओळखले जाते. बाराव्या शतकातील हे मंदिर उंच जोत्यावर उभे आहे. मूळ शिखर आज उरलेले नाही. त्यामुळे दुरून पाहणाऱ्यास ते बसके वाटते. जवळ गेल्यावर मात्र पाय थबकतात. सभामंडपाचे नक्षीदार खांब, छतातील वर्तुळाकार कोरीवकाम आणि बाहेरच्या भिंतींवरील मूर्ती यांत मन गुंतून जाते. अशा मंदिरांना आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. चुन्याशिवाय घडीव दगड एकमेकांत बसवून केलेले बांधकाम, या अर्थाने ते ठीक आहे. पण हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातील यादवांचा करणाधिप. अन्व्याचे मंदिर त्याच्या आधीचे आहे. हे मंदिर हेमाडपंतांनी बांधले असे विद्यार्थ्यांना सांगितले जाऊ नये, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.

अन्व्याचे खरे वैशिष्ट्य बाहेरच्या भिंतींवर आहे. तेथे शंख, चक्र, गदा आणि पद्म ही विष्णूची आयुधे धारण केलेल्या स्त्रीमूर्ती आढळतात. या विष्णूच्या शक्ती होत. संध्येच्या प्रारंभी केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी चोवीस नावे घेतली जातात, ती विष्णूची चोवीस रूपे. त्यांच्यातील फरक चेहऱ्यात वा मुकुटात नसतो. कोणते आयुध कोणत्या हाती आहे, यावरून रूप ओळखावयाचे असते. चार हात आणि चार आयुधे; पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी तीन, तिसऱ्यासाठी दोन आणि चौथ्यासाठी उरलेला एक. गुणाकार चोवीस येतो. शिल्पशास्त्र आणि गणित यांची अशी सांगड अन्व्याच्या भिंतीसमोर उभे राहून सातवीच्या मुलालाही समजावून देता येते. या प्रत्येक रूपाची शक्ती कल्पिलेली आहे आणि तिला स्त्रीरूपात दगडात उतरवण्याचे काम येथील शिल्पकाराने केले. अशा मूर्ती अन्यत्र फार थोड्या ठिकाणी आढळतात. या मूर्तींवरूनच मंदिर मुळात विष्णूचे असावे, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे. आज गाभाऱ्यात महादेव आहे आणि गावाची त्याच्यावर निस्सीम श्रद्धा आहे. देव बदलला, देऊळ टिकले. कित्येक ठिकाणी पूजा खंडित झाली आणि दगड गोठ्याच्या भिंतींत गेले. ते पाहता अन्वेकरांच्या महादेवाने विष्णूचे घर सांभाळले, असेच म्हणावे लागेल.

देवळाला निदान पुजारी असतो, दिवा लागतो, जत्रा भरते. पांढरीला कोणी वाली नसतो. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांवर दर उन्हाळ्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, पांढरी माती पसरण्याची रीत होती. ही माती चिकट असते, पाणी आत येऊ देत नाही. ती आणावयाची कोठून, तर गावच्या जुन्या गढीची किंवा पांढरीची. शेतकरी ती खतासारखी रानातही टाकीत. राखेने आणि हाडांच्या चुऱ्याने ती कसदार झालेली असते. यात कोणाचा दोष नव्हता. टोपलीने आणि बैलगाडीने जाणारी माती पिढ्यान्‌पिढ्या पुरली. परंतु यंत्राने खोदाई आणि ट्रॅक्टरने वाहतूक सुरू झाल्यापासून प्रमाणच बदलले. दोन हजार वर्षे साचलेला थर आता एका हंगामात नाहीसा होऊ शकतो.

गेलेल्या मातीबरोबर नेमके काय जाते, हे समजून घेणे आवश्यक आहे. मणी सापडला, तो उचलून कोणी जपून ठेवला, तर नुकसान कोणते, असे पुष्कळांना वाटते. थरातून उचललेला मणी हा नुसता मणी असतो. तो कोणत्या राजाच्या नाण्याबरोबर, कोणत्या घाटाच्या भांड्याशेजारी, चुलीजवळ की भट्टीजवळ पडला होता, यावरून त्याचे वय आणि उपयोग ठरतो. शेजारी कच्चे दगड आणि अर्धवट भोके पाडलेले मणी असतील, तर तेथे कारखाना होता. एकटाच असेल, तर तो कोणाच्या गळ्यातून तुटून पडला. भोकरदनची हस्तिदंती मूर्ती एखाद्या ट्रॅक्टरच्या फाळक्यातून कोणाच्या शेतात पडली असती, तर तिची पॉम्पेईशी तुलना करताना तिच्या काळाविषयी कोणालाही खात्रीने बोलता आले नसते.

कायद्याच्या तरतुदी ग्रामपंचायतींना आणि तलाठ्यांना ठाऊक असाव्यात, म्हणून थोडक्यात देत आहे. जमिनीत गाडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. सरकारला कळवले की हाती काही उरत नाही, ही समजूत बरोबर नाही. मालक ठरला नाही, तर वस्तूचा तीन-चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा, अशी त्याच कायद्याची तरतूद आहे. शासनाने वस्तू ठेवून घेतल्यास धातूच्या किमतीवर एक-पंचमांश रक्कम अधिक द्यावी लागते. दडवून ठेवणारा मात्र आपला हिस्सा गमावतो आणि शिक्षेसही पात्र ठरतो. नाणी सोनाराकडे वितळवून घेणाऱ्यास हे कोणी वेळेवर सांगितलेले नसते. १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, नाणी व तत्सम वस्तू देशाबाहेर नेण्यास व्यक्तींना मनाई आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने अधिक कडक झाली. घरकुलाची अथवा समाजमंदिराची जागा ठरवताना ग्रामसभेत हा नियम आधीच वाचून दाखवला, तर पुढचे तंटे टळतात. गौण खनिजाचा परवाना देताना, माती उचलण्याची जागा पांढरीची तर नाही ना, एवढी खातरजमा तलाठ्याने समक्ष करावी. सातबाऱ्यावरून ते कळत नाही.

भोकरदनला जाण्यास दिवाळीनंतरचा काळ उत्तम. नदीला पाणी असते, ऊन सोसवते आणि पावसाने धुपलेल्या कडा ताज्या असतात. जालन्याहून राज्य परिवहनच्या गाड्या आहेत. छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यास सिल्लोडमार्गे येता येते. सकाळी भोकरदनचे लेणे व नदीकाठ पाहून दुपारनंतर अन्वा गाठावे. तिरपे ऊन पडले की भिंतीवरील मूर्तींच्या हातांतील आयुधे स्पष्ट दिसू लागतात. ऐन दुपारी ती दिसत नाहीत. अन्व्याहून पुढे गोळेगावमार्गे अजिंठ्याकडे जाणे सोयीचे आहे. उत्खननातील वस्तू पाहण्यासाठी मात्र छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात जावे लागते. सहल नेणाऱ्या शाळांनी शक्य असल्यास आधी संग्रहालय आणि नंतर भोकरदन असा क्रम ठेवावा. मणी आणि खापरे काचेआड पाहून आलेली मुले नदीकाठच्या उंचवट्यावर पोहोचली, की खाली पाहून चालू लागतात. कडेला पडलेले खापर दिसले तर ते हातात घेऊन पाहावे आणि जेथे होते तेथेच ठेवावे, एवढे त्यांना निघण्यापूर्वी सांगितलेले असावे.